‘बाई, घरी सांगू नका’ : मुख्याध्यापकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक सर आणि मुख्याध्यापिका बाई यांस,



हे पत्र तुम्हालाच का, ते आधी सांगते. शाळकरी मुलांचा मोबाइलवरून होणारा छळ हा विषय निघाला की सगळे सरकारकडे, पोलिसांकडे नाही तर मोबाइल कंपन्यांकडे बोट दाखवतात. त्यांच्याकडे मागण्यासारखं पुष्कळ आहेच. पण नववीतल्या मुलीच्या नावानं कुणी खोटं इन्स्टाग्राम अकाउंट उघडतं, तेव्हा तो उघडणारा बहुतेक वेळा तिच्याच वर्गातला किंवा शेजारच्या तुकडीतला असतो. ते बघून हसणारे त्याच हजेरीपटावर असतात. या सगळ्यांना नावानिशी ओळखणारी, त्यांची घरं माहीत असलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना समोर बसवू शकणारी माणसं मंत्रालयात नाहीत. ती तुमच्या शाळेत आहेत.

मी माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. मुलं काय काय सांगतात ते इथे जसंच्या तसं मांडता येणार नाही, त्यांचा विश्वास मोडेल. पण बहुतेकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: ‘बाई, घरी सांगू नका.’ का रे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘फोन काढून घेतील.’ मुली पुढे आणखी एक सांगतात, आवाज खाली आणून. ‘शाळा बंद करतील.’ ही भीती खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मुलीचा फोटो कुठे तरी फिरतोय हे कळल्यावर तिच्यासाठी स्थळ बघायला लागणारं घर आपल्या ओळखीचं असतं. तेव्हा ती मुलगी गप्प राहते, यात तिचा हिशेब चुकत नाही.

छळ होतो कसा, ते तुमच्यातल्या काहींना अजून नीट माहीत नसेल, म्हणून थोडं लिहिते. वर्गातल्या मुलाचा जांभई देतानाचा किंवा रडतानाचा फोटो चोरून काढतात, त्याचा व्हॉट्सॲप स्टिकर बनवतात आणि वर्षभर प्रत्येक वाक्याला उत्तर म्हणून तो टाकत राहतात. शाळेच्या नावानं इन्स्टाग्रामवर ‘कन्फेशन पेज’ चालतं. ते कोण चालवतं हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्यावर ‘दहावी ब मधली अमुक’ म्हणून काहीही लिहून येतं. एखादीला सोडून बाकीच्यांचा नवा ग्रुप निघतो आणि तिला ते कळेल अशी व्यवस्था केली जाते. एखादा मुलगा नाजूक बोलतो, नाचतो, मुलींमध्ये बसतो, तर त्याच्या रीलखाली काय लिहिलं जातं ते इथे लिहवत नाही. जातीवरून टोमणे असतात, आडनावाला चिकटवून. आणि अलीकडे एआयची ॲप्स आली आहेत. स्नेहसंमेलनातला साधा साडीतला फोटो त्यात घातला की नको तसा फोटो तयार होऊन बाहेर पडतो. फोटो खोटा असतो, पण त्यानंतरचं मधल्या सुट्टीतलं हसू खरं असतं.

यावर स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो. आमच्या वेळी चिडवत नव्हते का? चिडवत होते, आणि तेही वाईटच होतं. पण शाळा सुटल्यावर घर होतं, गल्ली होती, सुट्टीत मामाचं गाव होतं, जिथे ते टोपणनाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता ते नाव मुलाच्या खिशातून घरी येतं, रात्री अकराला उशाशी वाजतं आणि मामाच्या गावच्या मामेभावालाही पोचलेलं असतं. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाची तीन लक्षणं सांगितली होती: मुद्दाम करणं, पुन्हा पुन्हा करणं आणि दोघांच्या बळात तफावत असणं. मोबाइलनं यातलं ‘पुन्हा पुन्हा’ भलतंच सोपं करून टाकलं. टाकणारा एकदाच टाकतो. पुढचं काम वर्गातले चाळीस जण करतात, कुणी सेव्ह करून, कुणी पुढे पाठवून, कुणी नुसता हसणारा चेहरा टाकून. बळातली तफावतही तिथेच तयार होते. एका बाजूला एक मूल आणि दुसऱ्या बाजूला सगळा वर्ग.

नॉर्वेची गोष्ट निघालीच आहे तर थोडी पुढे सांगते. १९८२ च्या अखेरीस तिथल्या उत्तर भागात तीन शाळकरी मुलांनी जीव दिला, आणि छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं. पुढच्याच वर्षी सरकारनं देशभर मोहीम हाती घेतली, ती शाळांमधून. ओल्वेउस यांनी बर्गन शहरातल्या ४२ शाळांमध्ये काम करून पाहिलं तेव्हा छळाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. त्यात विशेष असं काही नव्हतं. मधल्या सुट्टीत मोठ्यांचं लक्ष, वर्गात मुलांनी मिळून ठरवलेले नियम, नियमित बोलणं, आणि काही घडलं की त्याच दिवशी दखल. या सगळ्याच्या मागे मुख्याध्यापक उभा लागतो. एकट्या वर्गशिक्षिकेला हे पेलत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते. छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला आपण मोठी माणसं जे सांगतो ते मला फार खुपतं. ‘दुर्लक्ष कर.’ ‘मनावर घेऊ नकोस.’ ‘स्ट्राँग हो.’ मुलाला असेल तर ‘मुलीसारखा रडतोस काय.’ हल्ली शाळाशाळांतून मानसिक कणखरपणावर व्याख्यानं ठेवतात. वक्ता येतो, गोष्टी सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात. ज्या मुलाचा स्टिकर वर्गात फिरतोय तोही टाळ्या वाजवतो. त्याला त्यातून एवढंच कळतं की त्रास होणं ही त्याचीच कमतरता आहे. छळणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, हसणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि बदलायचं ते त्यानंच. मी हे अन्यायाचं मानते.

पडून पुन्हा उभं राहण्याची ताकद मुलांत येते कुठून, यावर फार मोठं काम झालेलं आहे, आणि ते वाचलं की ही व्याख्यानं किती अपुरी आहेत ते लक्षात येतं. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या बाळांची, ६९८ बाळांची, एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंद घेतली. मग ती मुलं एक वर्षाची, दोन वर्षांची, दहाची, अठराची, तिशीची, चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं अवघड परिस्थितीत वाढत होती. गरिबी, आईवडिलांची भांडणं, घरात दारू, आईचं मानसिक आजारपण. अशांचं पुढे वाईटच होणार असं कुणीही म्हणालं असतं. पण त्या अवघड परिस्थितीतल्या मुलांपैकीही एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाला लागलेली, दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात समान काय होतं? स्वभावाचा भाग होता, तो वर्नर नाकारत नाहीत. पण जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात भरवशाचं असं किमान एक मोठं माणूस होतं. आई नसेल तर आजी, आजी नसेल तर थोरली बहीण, शेजारीण, शिक्षक. आणि किशोरवयात घसरलेल्या मुलांपैकीही बरीच जण तिशीपर्यंत सावरली होती, हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यांत दिलासा देणारं वाटतं. पंधराव्या वर्षी मोडून पडलेलं मूल कायमचं मोडलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलांना खंबीर व्हा असं सांगण्याआधी प्रत्येक मुलाला शाळेत असं एक माणूस मिळालं आहे का ते बघा. ते माणूस समुपदेशकच असलं पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तो मागण्याचा तुम्हाला आता हक्क आहे, संस्थाचालकांकडे लेखी मागा. पण तो येईपर्यंत आणि आल्यावरसुद्धा, मूल बोलतं ते त्याला आवडणाऱ्या माणसाशी. कधी ते पीटीचे सर असतात. कधी ग्रंथपाल बाई. पोषण आहार वाढणाऱ्या मावशींना मुलींची खडान्‌खडा माहिती असते, आणि त्यांना कधीच कुणी कुठल्या प्रशिक्षणाला बसवलेलं नसतं. त्यांना बसवा.

आणि त्या माणसानं मुलाला पहिलं वचन द्यायचं ते फोनचं. तू सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही, हे मुलाला आधी ठाऊक असलं पाहिजे. पालक सभेत हे पालकांना समजावून सांगणं हे मी तुमच्या कामातलं सगळ्यांत मोठं काम समजते. ‘तुमच्या मुलीनं येऊन काही सांगितलं तर त्या दिवशी तिला रागावू नका, फोन घेऊ नका, शाळेत या.’ एवढंच, पण तुमच्या तोंडून. माझ्यासारखीनं सांगितलं तर पालक मान डोलावतात. मुख्याध्यापकांनी सांगितलं तर लक्षात ठेवतात.

मोबाइलच्या वापराला मर्यादा नकोत असं माझं म्हणणं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. मला ते आवडतं, कारण तिथे आईबापांचेही फोन बंद होतात आणि कुणालाही ती शिक्षा वाटत नाही. छळ सोसलेल्या मुलाचाच फोन काढून घेणं ही मात्र सरळसरळ शिक्षा आहे, तीही चुकीच्या माणसाला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी आली, तशी आपल्याकडेही आणा असं बरेच जण म्हणतात. त्यावर वाद होत राहील. पण तिथल्या बंदीतूनही व्हॉट्सॲपसारखी निरोपाची ॲप्स वगळलेली आहेत, आणि आपल्या मुलांचा बराचसा त्रास व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच घडतो. त्यांतले कितीतरी वर्गांचे ग्रुप २०२० च्या टाळेबंदीत शाळांनीच काढले होते. ते कुणी बंद केले का, त्यांचे ॲडमिन आता कोण आहेत, हे एकदा विचारून बघा.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल आकडे आहेत. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता आणि त्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती. ती वापरणाऱ्यांपैकी खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, आणि प्रोफाइल खासगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे दहांतल्या जवळजवळ चौघांना दार बंद करताच येत नव्हतं. संगणकाच्या एका तासिकेत हे शिकवून होतं. सगळ्यांना करून दाखवायला लावा, नुसतं फळ्यावर लिहून देऊ नका.

हसणाऱ्यांचं काय करायचं, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. टोरंटोतल्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून कॅनडातल्या संशोधकांनी छळाचे प्रसंग टिपले होते, तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रसंगी आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती पाचांत एकदाहूनही कमी वेळा. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी ‘किवा’ नावाचा शालेय कार्यक्रम उभा केला तो याच विचारावर. छळणाऱ्याला मिळणारी टाळी थांबवा. आपल्या वर्गात हे करायला पैसे लागत नाहीत. ग्रुपवर कुणाचा स्टिकर आला की ‘हे काढ’ एवढे दोन शब्द लिहायचे. तेवढं धाडस नसेल तर त्या मुलाला वेगळा मेसेज करायचा, ‘मला नाही आवडलं ते.’ दुसऱ्या दिवशी डब्याला त्याच्याशेजारी बसायचं. मुलांशी बोलताना मी अनेकदा पाहिलं आहे, छळलेल्या मुलाला छळणाऱ्याचा राग येतो, पण दुःख होतं ते गप्प बसलेल्या मित्राचं.

आता एक अगदी निकडीची गोष्ट. कृपा करून ही तुमच्या सगळ्या शिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगा. एखाद्या विद्यार्थिनीचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ फिरतोय अशी तक्रार आली, तर तो खात्री करण्यासाठी म्हणूनही स्टाफच्या ग्रुपवर मागवायचा नाही. एकमेकांना पाठवायचा नाही. संस्थेच्या सचिवांना दाखवायला फोनमध्ये ठेवायचा नाही. अठराखालच्या मुलांचं असं चित्रण पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पाहण्याबद्दल आणि जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला आहे. कायदा बाजूला ठेवा. त्या मुलीला उद्या त्याच शिक्षकांच्या तासाला बसायचं असतं.

करायचं ते असं. खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ कागदावर लिहून घ्या. धमकीचे किंवा घाणेरडे मेसेज असतील तर ते मुलाला पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट त्याच्याच फोनमध्ये राहू द्या. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून मिटवून टाकण्याची मुभा तुम्हाला नाही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आहे. मुलाच्या तोंडून मरणाचा शब्द निघाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि डॉक्टरांकडे न्या. ‘टेक इट डाउन’ ही एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतली एक बालसुरक्षा संस्था ती चालवते. अठराखाली काढलेल्या फोटोची आकडे-अक्षरांची एक खूण मुलाच्या फोनवरच तयार होते आणि फक्त ती खूण पुढे जाते, फोटो जात नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक अशा सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो शोधून काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी संदेशांवर तिचा उपयोग होत नाही, हेही मुलाला खरं सांगा.

छळणारं मूलही तुमचंच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका शाळेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं वर्गातल्या मुलींबद्दलचं चॅट बाहेर आलं, मे २०२० मध्ये दिल्लीतल्या मुलांचा तसाच इन्स्टाग्राम ग्रुप. दोन्ही वेळा देश हादरला, मुलांची नावं काढा म्हणून ओरडा झाला, आणि मग सगळे विसरले. मुलाच्या हातावर दाखला ठेवला की शाळेपुरता प्रश्न सुटतो. ते मूल पुढच्या शाळेत तेच करतं, फक्त अधिक सावधपणे. त्याला शाळेतच ठेवा. पालकांसमोर बसवा, त्यानं काय केलं ते त्याच्याच तोंडून सांगायला लावा, जे काढता येईल ते त्याला काढायला लावा, आणि पुढचे काही आठवडे दर शनिवारी त्याला भेटा. त्याला परिपाठात उभं करून त्याचा उद्धार करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि चारशे मुलांसमोर अपमान करून आपण त्याला नेमकं तेच शिकवतो जे तो फोनवर करत होता. आणि शाळा कुणी बदलायची असेल तर ती छळ सोसलेल्या मुलीनं बदलायची नाही. ‘तिला दुसरीकडे घाला, तिच्याच भल्यासाठी’ हे वाक्य तुमच्या केबिनमध्ये कधी उच्चारलं जाऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल पुन्हा कडक आदेश काढले. समितीचा मूळ निर्णय मार्च २०२२ चा. बऱ्याच शाळांत समितीच्या नावांचा फलक लागला आहे. पण तक्रारपेटी व्हरांड्यात मुख्य दाराशी, कॅमेऱ्याच्या समोर लावली, तर तिच्यात चिठ्ठी टाकायला कुठलं मूल जाईल? ती ग्रंथालयात किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवा, मुलांसाठी दुसरी ठेवा. समितीच्या बैठकीत मोबाइलवरचा छळ हा कायमचा विषय घ्या. बैठकीला एक-दोन विद्यार्थी बोलवा, कारण या महिन्यात कुठलं नवं ॲप आलं आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणि समितीच्या फलकाच्या जोडीला एक करा. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर, प्रतिज्ञेच्या खाली, तुमच्या शाळेतल्या त्या दोन माणसांची नावं छापा, एक बाई आणि एक सर, ज्यांच्याकडे मूल कधीही जाऊ शकतं. शक्य असेल तर फोन नंबर द्या, आणि तो दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीतही उचलला जाईल असं बघा. सुट्टीत वर्ग भरत नाही, ग्रुप भरलेलेच असतात. ती नावं निवडताना शिक्षकांना विचारू नका. सहावी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी द्या, आणि काही झालं तर तू या शाळेत कुणाला सांगशील, एवढंच लिहायला सांगा. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या परत येतील. त्या मुलांपासून सुरुवात करा.

आपली नम्र,
माध्यमिक शाळांत काम करणारी एक समुपदेशक